नाताळचे जेवण बिघडले तर...

(आगमनकाळाचा चौथा रविवार)



आज आगमनकाळाची चौथी मेणबत्ती पेटली. वेदीजवळ गव्हाणी उभी राहते आहे, तरुण मंडळी बांबू आणि गवत गोळा करण्यात गुंतली आहेत, गायनवृंदाचा सराव चालू आहे. पण खरी धावपळ पाहायची असेल तर या आठवड्यात तुमच्या स्वयंपाकघरात डोकावले पाहिजे. रवा भाजल्याचा, तळणीचा, मसाला कुटल्याचा वास घरभेटीला येताना आम्हाला दारातच गाठतो. म्हणून आज या पानावर आपण स्वयंपाकघराविषयीच बोलू या.

कोणी म्हणेल, फादरांना नाताळच्या आधी प्रार्थना आणि पापनिवेदनाविषयी लिहायचे सोडून हे काय सुचले? पण नाताळचे जेवण ही काही श्रद्धेबाहेरची गोष्ट नाही. ज्याच्या जन्माचा आपण सण करतो तो प्रभू बेथलेहेमला जन्मला, आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच 'भाकरीचे घर' असा आहे. मरियामातेने त्याला निजवले ते गव्हाणीत, म्हणजे गुरांना वैरण घालतात त्या जागी. आपला प्रभू अन्नाच्या जागी आला, हे मनात धरून पुढचे वाचावे.

उपवासानंतरचा घास

नाताळचा आदला दिवस हा पूर्वी ख्रिस्तसभेत उपवासाचा आणि मांसवर्ज्य दिवस होता. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम बदलले, तोपर्यंत हा नियम होता. दिवसभर पोटाला आवर घालायचा, रात्री मिस्सा ऐकायची आणि मग घरी येऊन एकत्र जेवायचे, असा तो क्रम होता. पोर्तुगीज भाषेतला 'कॉन्सुआद' हा शब्द मुळात उपवासाच्या रात्री घेतल्या जाणाऱ्या हलक्या आहाराचा. तोच शब्द गोव्यात नाताळच्या सुमारास शेजाऱ्यांकडे पाठवायच्या गोडधोडाच्या ताटाला लागला. म्हणजे पाहा, शब्द निघाला स्वतःच्या अर्धपोटी जेवणापासून आणि पोहोचला दुसऱ्याच्या दारातल्या भरल्या ताटापर्यंत. नाताळच्या जेवणाचा अर्थ या एका शब्दाच्या प्रवासात आला आहे.

आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्यो या गावी गव्हाणीचा देखावा मांडला, हे आपण मुलांना धर्मशिक्षणात शिकवतो. त्याच संताची आणखी एक गोष्ट त्याच्या चरित्रात सांगितली आहे. एका वर्षी नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवारी मांस वर्ज्य, तेव्हा आज मांस खावे की नाही, अशी चर्चा बंधूंमध्ये सुरू झाली. फ्रान्सिसला ती चर्चाच रुचली नाही. त्याच्या मते अशा दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खाल्ले पाहिजे. आणि त्यांना खाता येत नसेल तर ते त्यांना बाहेरून फासावे! पण तो तिथे थांबला नाही. या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त वैरण मिळावी, पाखरांसाठी रस्त्यावर धान्य टाकावे, अशी त्याची इच्छा होती. संन्यासी माणूस, स्वतः भिक्षा मागून खाणारा. पण नाताळच्या दिवशी कोणाचेही पोट रिकामे राहू नये, ही त्याची तळमळ होती.

एक धर्मग्राम, अनेक ताटे

आपल्या लोणावळा-मावळ परिसरातील ख्रिस्ती कुटुंबे एका ठिकाणची नाहीत. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त गोव्याकडची, मुंबई-वसईकडची, तशीच अँग्लो-इंडियन कुटुंबे घाटमाथ्यावर आली. १९४५ पासून इथे आय.एन.एस. शिवाजी आहे, नौदलाच्या निमित्ताने केरळपासून कुठकुठली माणसे येतात. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या बाजूला नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधून, आणि मराठवाड्यातून कामधंद्यासाठी आलेली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. साहजिकच नाताळची ताटेही तितक्याच प्रकारची आहेत.

कोणाकडे सोर्पोतेल दोन दिवस आधीच शिजते, कारण मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. कोणाकडे नेवऱ्या आणि दोदोल. कोणाकडे नारळाच्या दुधातले फुगे आणि त्यांच्या जोडीला इंदेल. कोणाकडे नोव्हेंबरातच रममध्ये भिजत घातलेल्या मनुका-बेदाण्यांचा केक. कुलकुलांसाठी घरातली आजी, सुना, नातवंडे सगळी काट्याची पाठ किंवा नवा कंगवा घेऊन एका चादरीवर बसतात. आणि आमच्या कितीतरी मराठी घरांत करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, रव्याचे लाडू, शिवाय नाताळच्या दुपारी मटणाचा रस्सा, भाकरी आणि इंद्रायणीचा भात. ज्या घरात त्या वर्षी कोणाचे निधन झाले असेल तिथे कढई चढत नाही. तिथे शेजारपाजारचे लोक ताट आणून देतात. ही रीत फार मोलाची आहे. ती कोणत्याही एका गावची नाही, सगळ्यांची आहे.

फसलेले पदार्थ

पण सण म्हटला की फजितीही आलीच! स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक हाताला हे ठाऊक आहे. करंजीचे सारण जरा ओले राहिले किंवा कडा नीट दाबल्या गेल्या नाहीत, की ती कढईत उमलते. एक फुटली की सगळे तेल काळे, आणि पुढचा घाणा करपट. दोदोल घोटताना क्षणभर कोणी हाक मारली, हात थांबला, की तळाला लागलाच. फुग्यांचे पीठ वसईला माडी घालून कसे भरभरून फुगते, पण आपल्या घाटावरच्या डिसेंबरच्या थंडीत तेच पीठ सकाळपर्यंत दगडासारखे बसून राहते. मग पातेल्याला गोधडी गुंडाळा, चुलीच्या उबेला ठेवा, हे चालते. लोडशेडिंगच्या वर्षांत तर केक अर्धा भाजला आणि वीज गेली, हे घरोघरी घडले. पूर्वी ज्यांच्या घरी ओव्हन नव्हता ते केकचे भांडे बेकरीत भाजायला देत. वर नावाची चिठ्ठी लावलेली असे. चिठ्ठी जळली की एकाचा केक दुसऱ्याच्या घरी! गॅसचा सिलिंडर तर २४ तारखेच्या संध्याकाळीच संपायचा, असा जणू नियमच आहे. आणि मिस्साला जायच्या घाईत दोन्ही जावांनी एकाच रश्शात मीठ घातले, तर मध्यरात्री घरी आल्यावर काय होते ते सांगायला नकोच.

आपल्या मावळातली खास फजिती इंद्रायणी तांदळाची. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा तांदूळ आज घराघरात आहे. वास सुरेख, चव सुरेख, पण जात चिकट. नाताळला पाहुणे येणार म्हणून कोणी त्याची बिर्याणी करायला घेतली की पातेल्यात गोळा होतो. तांदळात दोष नसतो. त्याच्यावर साधे वरण किंवा रस्सा ओतला की तो राजा. त्याच्याकडून भलतेच काम करून घ्यायला गेले की पंचाईत होते.

ही सगळी हसण्याची गोष्ट आहे, आणि हसावेच. पण सगळीकडे ती हसण्यावारी जात नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका घरी नाताळच्या आशीर्वादासाठी गेलो होतो. ताटात सगळे दुकानातले होते. घरची सून हाताने फार चांगली, हे आम्हाला माहीत होते. सहज विचारले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. ती लहानशा गावातल्या मराठी ख्रिस्ती घरातून या घरी आलेली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला तिने सासरच्या पद्धतीचा दोदोल करायला घेतला, आणि तो लागला. पाहुण्यांसमोर कोणीतरी विचारले, "तुमच्याकडे नाताळ करतात तरी का?" सगळे हसले. त्या दिवसापासून तिने नाताळला कढई चढवली नाही, आणि शेजारी ताट पाठवणेही बंद केले. एका वाक्याने एका घराचा नाताळ कितीतरी वर्षे मुका झाला. दोदोलचे भांडे घासून संध्याकाळपर्यंत स्वच्छही झाले असेल!

बंधुभगिनींनो, हे वाक्य फक्त त्या घरात बोलले गेले असे समजू नका. 'खरा नाताळ आमच्याकडचा' हा अभिमान आपल्या धर्मग्रामात वेगवेगळ्या रूपांत वावरतो. कोणाला गावाकडच्या करंज्या म्हणजे दिवाळीचा फराळ वाटतो. कोणाला दुसऱ्याचे सोर्पोतेल पाहून नाक मुरडावेसे वाटते. जरा विचार करा. गोव्याची नेवरी आणि देशावरची करंजी या सख्ख्या बहिणी आहेत. विंदालूचे नाव पोर्तुगिजांच्या द्राक्षरस-लसणात मुरवलेल्या मांसावरून आले. आपल्या सर्वांच्या रश्शातली मिरची पोर्तुगीज जहाजांबरोबर अमेरिकेतून इथे आली. कोणाचेच ताट मूळचे एकट्याचे नाही. सगळीच ताटे कोणी ना कोणी दिलेल्या, कोणाकडून तरी शिकलेल्या वस्तूंनी भरली आहेत. मग कोणी कोणाला हसावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांतला भेद आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला जातो. जेवण हे साधन आहे. माणसे एकत्र येणे, देवाने दिलेल्या देणगीबद्दल आनंद करणे हे साध्य. साधनासाठी साध्याचा बळी दिला की विवेक सुटला. खादाडपणाच्या पापाचे पाच प्रकार संत ग्रेगरी महान यांनी मांडले आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचे विवेचन केले. अति खाणे हा त्यांतला एकच प्रकार. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हट्ट धरणे, अधाशीपणाने खाणे हे आणखी तीन. आणि पाचवा प्रकार म्हणजे पदार्थ अमुक रीतीनेच झाला पाहिजे, अशी अन्नाविषयीची फाजील चोखंदळ वृत्ती. म्हणजे ताटावर बसून 'मीठ कमी आहे, मागच्या वर्षीसारखे झाले नाही' असे म्हणत राहणारा, दोन घास कमी खाणारा माणूसही खादाडपणातच मोडतो. पापनिवेदनाला येण्यापूर्वी यावरही थोडा विचार करावा.

काना गावचे लग्नघर

प्रभू येशूने आपले पहिले चिन्ह कुठे दाखवले? मंदिरात नव्हे, एका लग्नाच्या जेवणात. आणि ते जेवणही बिघडलेले! संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. भर लग्नात द्राक्षरस संपला. आपल्याकडे मांडवात पंगत बसली असताना भात संपावा तशी ही नामुष्की. दोन्ही घरांचे नाक कापले गेले असते.

इथे मरियामातेने काय केले ते पाहा. कमी पडले आहे हे तिच्या सर्वांआधी लक्षात आले. पण तिने चार बायकांत कुजबुज केली नाही. वराच्या आईला जाऊन बोल लावला नाही. अंदाज कोणाचा चुकला याची चौकशी केली नाही. तिने ती गोष्ट फक्त एकाला, आपल्या पुत्राला सांगितली; आणि चाकरांना तो सांगेल तसे करायला सांगून ती बाजूला झाली. दगडी रांजण सहा होते. त्यांच्या मापाचा हिशेब आजच्या लिटरमध्ये केला तर सर्व मिळून सुमारे ५०० ते ७०० लिटर भरतात. त्या सगळ्या पाण्याचा उत्तम द्राक्षरस झाला. यजमानाची लाज झाकली गेली. भोजनप्रमुखाला तो रस कुठून आला याचा पत्ता नव्हता. संत योहान आवर्जून नोंदवतो की, हे माहीत होते ते फक्त पाणी काढणाऱ्या चाकरांना.

दुसऱ्याच्या घरातली उणीव दिसली तर ती झाकावी आणि प्रभूच्या कानावर घालावी, हे मरियामातेने त्या लग्नघरात शिकवले. नाताळच्या पंगतीत आपण तिची लेकरे म्हणून बसतो.

बंगल्यावरची आणि हॉटेलातली माणसे

त्या चाकरांपाशी जरा थांबू या, कारण ते आपल्याच धर्मग्रामातले आहेत. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून नाताळ ते नववर्ष या दिवसांत मुंबई-पुण्याची गर्दी लोणावळा-खंडाळ्यात मावत नाही. हॉटेले भरतात, बंगले भरतात. त्या दिवसांत तिथे स्वयंपाक करणारे, भांडी घासणारे, बंगल्याची राखण करणारे, गाडी चालवणारे यांत आपले कितीतरी बांधव आणि भगिनी आहेत. ते दुसऱ्यांच्या नाताळचे जेवण रांधतात आणि स्वतःच्या घरच्या ताटावर नसतात. मध्यरात्रीची मिस्साही त्यांना मिळत नाही. २५ तारखेला रात्री उशिरा घरी पोहोचतात तेव्हा बाकीच्यांची जेवणे झालेली असतात, आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा त्यांच्या वाट्याला येतो.

संत लूक सांगतो की, प्रभूच्या जन्माची बातमी सर्वांत आधी मेंढपाळांना मिळाली, आणि ते त्या वेळी रानात कळपाची राखण करत जागे होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते रात्रपाळीवर होते. देवदूत त्यांच्या कामाच्या जागी गेला. बंगल्याच्या फाटकाशी शेकोटी करून बसलेल्या आपल्या वॉचमन भावांनी हे विसरू नये. ते चर्चमध्ये नसले तरी प्रभू त्यांना विसरलेला नाही. आणि आपणही त्यांना विसरू नये.

करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत अगदी हीच चूक झाली होती. ते प्रभुभोजनासाठी एकत्र जमत, पण ज्यांच्याकडे भरपूर होते ते आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. अभ्यासक म्हणतात की, मजूर आणि गुलाम काम आटोपून उशिरा पोहोचत असावेत. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना कडक शब्दांत सुनावले आहे. अशा जेवणाला तो प्रभुभोजन म्हणायलाच तयार नाही. शेवटी त्याने उपाय सांगितला तो अगदी साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. वेदीवरची भाकर आणि घरातली भाकर यांचे नाते असे आहे. ज्याच्यासाठी आपण घरी थांबत नाही, त्याच्याबरोबर वेदीपाशी कोणत्या तोंडाने उभे राहणार?

या नाताळला

बोलणे पुष्कळ झाले. आता चार गोष्टी कराव्यात, अशी आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे.

१. जिने किंवा ज्याने स्वयंपाक केला त्या व्यक्तीशिवाय नाताळच्या जेवणाला सुरुवात करू नये. आई वाढत राहिली आणि शेवटी एकटी ओट्यापाशी जेवली, असे या वर्षी कोणत्याही घरी होऊ नये. पुरुषांनी आणि तरुण मुलांनी कामे वाटून घ्यावीत. दोदोल घोटायला दंडात बळ लागते, ते त्यांच्याकडे आहे.

२. ताटावर कोणीही पदार्थाला नाव ठेवू नये. करपले असेल, खारट झाले असेल, तर आधी प्रार्थना करावी, मग मनमोकळे हसावे, आणि करणाऱ्याबरोबर हसावे. घरातली नवी सून, नवा जावई यांच्या माहेरचा किंवा गावाकडचा एक तरी पदार्थ ताटात असावा.

३. पहिले ताट घराबाहेर जावे. ओळखीच्या घरी तर जाईलच; पण या वर्षी एक ताट अशा घरी जावे जिथे आपण कधी पाठवले नाही. आजारी, एकटे राहणारे वृद्ध, दुःखातले घर, दुसऱ्या धर्माचा शेजारी, वस्तीत नव्याने आलेले कुटुंब. करंज्या फुटल्या म्हणून ताट अडवून ठेवू नका. फुटक्या करंजीचे सारण तितकेच गोड असते.

४. ज्या घरातले माणूस २५ तारखेला कामावर आहे, त्या घराने त्याच्यासाठी थांबावे. नाताळ एका दिवसात संपत नाही. ख्रिस्तसभा तो आठ दिवस, १ जानेवारीला येणाऱ्या देवमाता मरियेच्या सणापर्यंत अष्टाह म्हणून साजरा करते, आणि नाताळचा उपासनाकाळ तर प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तेव्हा २७ ला किंवा ३० ला सर्वांनी मिळून घेतलेले जेवण हे शिळे नाताळ नव्हे. ते पुरते नाताळच आहे. ज्या दिवशी घरचे माणूस मोकळे होईल, त्या दिवशी कढई चढवा.

या चौथ्या गोष्टीसाठी धर्मग्रामही आपला वाटा उचलणार आहे. नाताळच्या अष्टाहात एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात, नाताळच्या दिवशी कामावर राहिलेल्या सर्वांसाठी मिस्सा आणि त्यानंतर सहभोजन ठेवले आहे. दिवस आणि वेळ आज मिस्सानंतर जाहीर केली जाईल. चर्चतर्फे इंद्रायणीचा भात आणि रस्सा असेल. बाकी प्रत्येक घराने घरी जे झाले असेल ते आणावे, फसलेलेसुद्धा. त्या रात्री वाढायला पुरुषमंडळी उभी राहतील आणि एरवी वाढणारे हात आधी जेवतील. ज्यांनी काही कारणाने नाताळचे ताट करणे किंवा पाठवणे बंद केले आहे, त्यांना आमचे खास बोलावणे आहे. तुमच्या हातचे आम्हाला खायचे आहे.

भाकरीच्या घरी जन्मलेला बाळ येशू तुमच्या चुलीला, तुमच्या हातांना आणि तुमच्या पंगतीला आशीर्वाद देवो. मरियामाता तुमच्या घरातली प्रत्येक उणीव पुत्राच्या कानावर घालो. सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू